शेंदराखालचं नाव

मी एक दगड बोलतोय. दगड बोलतो म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. हसा, पण अर्धं ऐकून उठून जाऊ नका. माझ्याजवळ निवांत बसणारं हल्ली कुणी उरलेलं नाही.

सोलापुराहून अक्कलकोटकडं निघालं, की कुंभारी मागं टाकल्यावर काही कोसांवर एक लहान गाव लागतं. गावाबाहेर पायऱ्यांची बारव आहे. तिच्या काठावर चिंचेखाली मी उभा आहे. कमरेएवढा उंच, अंगभर शेंदूर, कवड्यांचे डोळे, तेही एक वर नि एक खाली बसवलेले. लोक मला म्हसोबा म्हणतात. मी म्हसोबा नव्हे.

मी वीरगळ आहे. फार पूर्वी गावाची गुरं कुणी हाकून नेली, की ती सोडवायला माणसं धावत जायची. त्यात एखादा मारला गेला, तर त्याच्या आठवणीला असा दगड कोरून उभा करायचे. माझ्या पाथरवटानं खाली गुरं कोरली, त्यांच्यापुढं ढाल-तलवार घेतलेला माणूस कोरला, वर चंद्र-सूर्य कोरले. मधल्या पट्टीवर त्यानं दोन ओळी लिहिल्या. त्या ओळींत त्या माणसाचं नाव होतं.

ते नाव मला आठवत नाही. सांगताना लाज वाटते. त्याची आई रोज यायची, अक्षरांवरून बोट फिरवायची आणि नाव घ्यायची. मी मनाशी म्हणायचो, लिहिलेलंच आहे, जाईल कुठं? म्हणून ध्यानात ठेवलं नाही. आपलं तोंड आपल्याला दिसत नसतं, हे तेव्हा सुचलंच नाही.

पुढं ती म्हातारी गेली, तिची माणसं पांगली. कुणा गवंड्याला बारवेच्या काठाला फरशी हवी होती, त्यानं मला पालथा घातला. तोंड चिखलात, पाठ वर. पाठ सपाट म्हणून बायका तिच्यावर धुणं धुऊ लागल्या.

ते दिवस वाईट नव्हते. सकाळ झाली की पाठीवर धपाधप लुगडी आपटायची आणि वर बोलणं चालू. कुणाची सासू ताक लपवून ठेवते, कुणाचा दादला सोलापुरात गिरणीत लागल्यापासून भांग पाडतो, सगळं मला ठाऊक असायचं. अंधारात पडून मी ऐकत राहायचो.

त्या बायकांत मायाक्का होती. धनगराची सून, विशीच्या आतली. पहिलं मूल, बिरू, आठ महिन्यांचा. तिचं धुणं कधी सलग झालं नाही. चार वेळा कापड आपटायची आणि वळून चिंचेला टांगलेल्या झोळीकडं बघायची. झोळी हलली तरी उठायची, आणि हलली नाही तर जास्तच घाईनं उठायची.

शेजारी धुणारी सावित्रम्मा वयानं मोठी. ती म्हणायची, "अगं, झोळीला काय पाय फुटल्यात? जाती कुटं?"

"हलंना झालीया, अक्का."

"निजलाय त्यो. जा, हलीव, उटीव त्याला. मग रडत बसा दोगं बी."

सगळ्या हसायच्या. मायाक्काही हसायची, आणि हसत हसत झोळीत डोकावून यायची.

एकोणीसशे तेहतीसच्या वैशाखात बारवेचं पाणी पार तळाला गेलं. घागर बुडेना, नुसता गाळ वर यायचा. शाळेला सुट्टी लागली होती. हिंदुराव मास्तरांनी देवळापुढं सगळ्यांना जमवलं. म्हणाले, "ज्याचे हात रिकामे असतील त्यानं सकाळी उन्हं चढायच्या आत दोन तास यावं. मजुरी नाही. पाणी सगळ्यांचं, गाळही सगळ्यांचा." पहिल्या दिवशी वीस माणसं आली, दुसऱ्या दिवशी चाळीस. पुरुष गाळ भरायचे आणि बायका पायऱ्यांवर रांग धरून पाट्या वर सरकवायच्या.

मास्तरांना आणखी एक नाद होता. हात धुतले, की म्हाताऱ्यांपाशी बसून गावाच्या जुन्या गोष्टी विचारायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. बारव कुणी बांधली, वेस कुणी पाडली, असलं सगळं. सांगणारे थोडं खरं सांगायचे, बाकीचं पदरचं घालायचे.

तिसऱ्या दिवशी माझ्याखालचा काठ खचायला लागला. मला हलवणं भाग होतं. मायाक्काचा नवरा गुंडा पहार घेऊन आला.

सावित्रम्मा वरून ओरडली, "गुंडा, आमचा दगड फोडलास तर उद्यापास्नं तुज्या पाटीवर धुणं धुईन!"

"धुवा की, अक्का. माजी बी आंगूळ हुईल!"

पहार आत गेली, चौघांनी जोर लावला आणि मी उलटलो. कितीतरी काळानं तोंडावर ऊन पडलं. कुणीतरी घागरभर पाणी ओतलं, चिखल वाहून गेला, आणि कोरलेलं चित्र बघायला सगळे भोवती वाकले.

"अय्यो शिवने!" सावित्रम्मा म्हणाली. "द्येव हाय की ह्यो! आन आमी ह्याच्यावर..." तिनं डोक्यावर पदर ओढला.

मास्तर गुडघ्यावर बसले होते. "देव नाही, सावित्रम्मा. माणूस आहे. आपल्याच गावचा असेल."

मठात कन्नड पुराण वाचणाऱ्या महादेवप्पांना बोलावलं. ते चष्मा लावून माझ्यापुढं तासभर बसले. शेवटी मान हलवून म्हणाले, "अक्षरं आमच्या कन्नडचीच, पर लई जुनी. मला लागत न्हाईत. ह्या ओळीत नाव हाय, एवडं नक्की."

"हे वाचणारी माणसं आहेत," मास्तर म्हणाले. "ओला कागद अक्षरांवर ठोकून ठसा घेतात. तो घेऊन पाठवू. सोमवारी सोलापुरातून कागद आणि शाई आणतो."

मला चिंचेखाली उभा केला. सोमवारला पाच दिवस होते. इतकी वर्षं पालथा पडलो, पण त्या पाच दिवसांइतकी वाट मी कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बिरूला ताप भरला. पोर दूध घेईना, डोळे उघडीना. गावात तो ताप उन्हाचा म्हणत होते. पण मायाक्काच्या मनात दुसरंच बसलं. भर दुपारी ती एकटी आली, अनवाणी. हातातल्या वाटीत तेलात कालवलेला शेंदूर होता.

"द्येवा," ती म्हणाली, "मला ठावं नव्हतं की रं. लेकराची हगल्या-मुतल्याली फडकी तुज्या पाटीवर आपटली म्या. चूक माजी हाय, त्याची न्हाय. त्याला सोड. मला काय करायचं ती कर."

मला सांगायचं होतं, बाई, त्या फडक्यांचा मला कधी राग आला नाही. पण दगडाला काय सांगता येतं? चंद्र-सूर्यापासून गुरांपर्यंत तिनं बोटभर जागा सोडली नाही. देवाच्या अंगावर चीर राहू नये म्हणून एकेका अक्षरात शेंदूर अंगठ्यानं दाबून भरला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मग काय, अख्खी आळी नारळ घेऊन आली.

सोमवारी मास्तर काखेत कागदाची गुंडाळी घेऊन आले आणि शेंदरावरून बोट फिरवत अक्षरं शोधू लागले. म्हणाले, "कुणी केलं हे?"

"म्या." मायाक्का बिरूला कडेवर घेऊन पुढं आली.

"बाई, दोन ओळींपुरता शेंदूर काढतो. ठसा झाला, की तूच परत लाव."

"न्हाय, मास्तर."

"अगं, इथं एका माणसाचं नाव आहे. ते आज कळलं नाही तर तो माणूस कायमचा गेला."

"आन माजं लेकरू ग्येलं तर?"

गुंडा दबक्या आवाजात म्हणाला, "मास्तर शिकल्यालं हायती. ऐक की जरा."

"शिकल्यालं हायती, व्हय. पर ताप कालच उतारलाय."

तेवढ्यात बिरूनं कागदाचं टोक ओढून तोंडात घातलं. मास्तरांनी ते हलकेच सोडवलं. पोराच्या तोंडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "असू दे," म्हणाले. "पोर धट्टंकट्टं होऊ दे. मग बघू."

पुढच्या वर्षी त्यांची करमाळ्याला बदली झाली. परत कुणी काही बघितलं नाही.

मायाक्कावर माझा राग नाही. मला तोंड असतं तर मीही 'असू दे' म्हणालो असतो. असं मी म्हणतो खरं. पण मास्तरांची गुंडाळी बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो.

आता बारवेला पाणी चांगलं आहे. धुण्याला पलीकडच्या काठावर नवी फरशी टाकलीय. धपाधप आवाज येतो, हसणं येतं, शब्द मात्र पोचत नाहीत. माझ्यापुढं आल्या की बायका डोक्यावर पदर घेतात, हात जोडतात, काहीतरी मागतात आणि लगबगीनं जातात. देवापुढं सासूच्या चहाड्या कोण सांगणार? बिरू चार वर्षांचा झालाय. आई मान दाबते तेव्हा तो वाकतो आणि सुटल्याबरोबर पळतो. दर अवसेला माझ्यावर नवा थर चढतो. आता खालची तलवारही हाताला लागत नाही.

शेंदराचं कवच फार जड झालं, की एखाद्या दिवशी आपोआप गळून पडतं, असं म्हातारी माणसं सांगतात. कधी पडेल कुणास ठाऊक. त्या दिवशी तुम्ही इथं पाणी प्यायला थांबला असाल आणि जुनी अक्षरं तुम्हाला लागत असतील, तर कुणी तेल-शेंदूर आणायला धावायच्या आत ती ओळ वाचा. मनातल्या मनात वाचू नका. मोठ्यानं वाचा.