जानरावांच्या नावाचा ठराव

जाण्याच्या आदल्या दिवशी जानराव जेवता जेवता भांडत होते, आणि तेही मोबाईलवर. भाकर गार झाली, बायको इंदूबाई दोनदा ओरडून गेल्या, पण अंगठा काही थांबेना. लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली चालवणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या मंडळींच्या ग्रुपवर सकाळपासून एकच वाद पेटला होता. गावोगावच्या अभ्यासिकांतले संगणक यापुढे जगभर चालणाऱ्या सिस्टमडी नावाच्या नव्या प्रोग्रामनं सुरू करायचे, की जानरावांनी हातानं लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्टांनी, म्हणजे आज्ञांच्या याद्यांनी?

"सगळं एकदम सुरू करते म्हने!" ते म्हणाले. "माह्यात एकामागून एक उठते. कुठं अडलं ते डोळ्यानं दिसते. त्याच्यात काय दिसते? माती?"

नीलम बॅगेची चेन लावत होती. अकोल्याला ती एका बँकेचे सर्व्हर सांभाळायची, सगळे सिस्टमडीवरचे. जानरावांना ते चांगलं ठाऊक होतं.

"तू काहून बोलत नाही वं? ग्रुपवर दोन्हीकडच्यायले 'लाईक'चा अंगठा टाकते नुसती."

"बाबा, माही गाडी सुटन."

"जाय मंग," म्हणून ते पुन्हा टाईप करू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं हृदय बंद पडलं. आईचा फोन आला तशी नीलम अकोल्याहून निघाली. वाटेत मूर्तिजापूर येईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

आठवड्याभरानं विहारात आदरांजलीची सभा झाली. त्रिशरण-पंचशील झालं, फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, सगळे उभे राहून स्तब्ध झाले. स्तब्धता सुटते न सुटते तोच ग्रुपातले जुन्या स्क्रिप्टांच्या बाजूचे नागसेनकाका खिशातून कागद काढून पुढे आले.

"जानरावभाऊंना अभिवादन म्हणून सर्व अभ्यासिकांत त्यांचीच पद्धत कायम राहील, असा ठराव मी मांडतो. हात वर करा."

"हे काय गा काका?" मागून सिस्टमडीच्या बाजूचा अनुप ओरडला. "मयतीत मतदान? भाऊ होते तवा ठराव हारला असता म्हणून आता घेऊन राहिले!"

"फोटोसमोर बोलून राहिला, लाज वाटू दे."

"फोटोचं नाव तुमीच पुढं केलं ना!"

मग काय विचारता. भाऊ म्हणजे तत्त्व, असं एक म्हणाला. भाऊ मागच्याच महिन्यात नव्या पद्धतीला अर्धे राजी झाले होते, असं दुसरा शपथेवर सांगू लागला. दोघांच्याही तोंडून जे जानराव बोलत होते, त्यांना नीलमनं जन्मात पाहिलं नव्हतं. इंदूबाई तिच्या कानाशी लागल्या, "घरात हेच, आता इथंबी हेच?" नीलमला वाटलं, ही माणसं आपल्या बापाला धड मरूही देणार नाहीत.

तेवढ्यात भातकुलीची अभ्यासिका पाहणारी पायल दाराशी उभी राहून म्हणाली, "आमच्याकडचे संगणक बंद पडले आहेत. लाईन गेली, आली, तवापासून मधातच अटकून राहिले. पोरायचे परीक्षेचे फॉर्म भरायचे आहेत. आधी जानराव सर यायचे."

लगेच ते भाऊंच्या पद्धतीमुळे बंद पडले की लाईनमुळे, यावर जुंपली.

नीलम उठली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती. आवाज हवा त्याहून मोठा निघाला.

"कोणी हात वर करू नका. बाबांची पद्धत टिकली, कारण अडलं की बाबा स्कूटर काढायचे. अंगात ताप असला तरी. आता कोण जाणार? नागसेनकाका, तुमी जाता?"

काकांनी कागदाची घडी घातली. "बाई, आपल्या बापाबद्दल असं..."

"बापाशीच बोलून राहिली," ती म्हणाली, आणि फोटोकडे वळली. "बाबा, तुमी चुकत होते. मले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमाले लागन म्हणून मी बोलली नाही. अन् तुमाले तर घरात भांडायले माणूस पाहिजे होतं."