मध्ये एक माणूस

दुसऱ्या कंपनीच्या चार्जरला गाडी लावायची तर मध्ये एक माणूस लागतो. त्या कंपनीच्या स्वतःच्या गाड्या थेट वायर लावून घेतात. बाकीच्यांसाठी एक जण रबरी पट्टीवर उभा राहतो, एका हातात वायरचं तोंड धरतो, दुसऱ्या हाताचा तळवा गाडीच्या सॉकेटवर टेकवतो, आणि वीज त्याच्यातून जाते.

कुंदा चाळकेला हे ऐकून माहीत होतं, पण आजवर तशी वेळ आली नव्हती. सोलापूरहून निघताना तिने कराडचं आपल्या गाडीच्या कंपनीचं चार्जिंग स्टेशन धरून हिशेब केला होता. ते बंद निघालं. फाटकाला दोरी बांधलेली, आत कोणी नाही. गाडीच्या बॅटरीत सहा टक्के उरले होते. चिपळूण अजून नव्वद किलोमीटर, मध्ये कुंभार्ली घाट, आणि दुपारचे दोन वाजत आलेले.

शेजारी तिचे वडील अण्णा, म्हणजे रघुनाथ चाळके, मांडीवर टोपी ठेवून बसले होते. वय त्र्याहत्तर. सारी नोकरी वायरमन म्हणून झालेली. चिपळूणला त्यांचा धाकटा भाऊ शिवराम अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. एकोणीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा रघुनाथरावांची एसटी घाटात अडकली, आणि शिवरामने त्यांची वाट न पाहता अग्नी दिला. तेव्हापासून दोघे भाऊ बोलले नव्हते. काल संध्याकाळी अण्णा आपण होऊन म्हणाले, "कुंदे, मला शिवाकडे ने."

हायवेवर पुढेच त्या दुसऱ्या कंपनीचं स्टेशन होतं. पांढरं छप्पर, खाली बारा चार्जर. निळ्या गणवेशातली एक बाई वही घेऊन फिरत होती. तिसऱ्या चार्जरला एक म्हातारी साडीचा पदर खोचून वायर आणि गाडीच्या मध्ये उभी होती. तिचा मुलगा गाडीत बसून वेफर्स खात होता.

"मध्ये कोण राहणार?" गणवेशातल्या बाईने विचारलं.

"मी," कुंदा म्हणाली.

"गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला चालत नाही."

अण्णा तोवर खाली उतरले होते. त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि तळवे पँटला पुसले.

"जन्मभर तेच केलंय," ते म्हणाले. "आण इकडे."

"अण्णा, नको. दुसरं काहीतरी बघू."

"काय बघणार? शिवा वाट बघत थांबेल का?"

वायर आखूड होती. कुंदाला गाडी दोन जागा अडवून तिरकी लावावी लागली. अण्णा पट्टीवर उभे राहिले, त्यांनी वायरचं तोंड मुठीत धरलं, तळवा सॉकेटवर ठेवला. आतून खटका पडला. गाडीच्या पडद्यावर सहाचे सात झाले.

"काही होतंय का?" कुंदाने विचारलं.

"मुंग्या आल्यासारखं वाटतंय. घाट आहे, पन्नास तरी लागतील. पन्नासला सांग."

सतरा टक्क्यांना अण्णांनी विचारलं, आपण सकाळी कुठून निघालो. ती म्हणाली, सोलापूरहून. त्यांनी मान हलवली, पण ओळख पटल्यासारखी नाही. चोविसाला त्यांच्या मनगटावरचं घड्याळ घसरून पंजापाशी आलं. हात बारीक झाला होता. तिसाला त्यांनी तिच्याकडे बघून सभ्यपणे विचारलं, "आपण शिक्षिका का?"

"मी कुंदा."

"हो का. बरं नाव आहे."

कुंदा धावत त्या बाईकडे गेली. "बंद करा. मला एवढं बास झालं."

"मधल्या माणसाने सांगायचं असतं."

"त्यांना आता काही आठवत नाहीये!"

बाईने वहीत पाहिलं. "तसं होतं," ती म्हणाली आणि पुढच्या चार्जरकडे गेली.

कुंदाने अण्णांचा हात धरून ओढला. तळवा निघेना. तिने किल्लीचं बटण दाबलं, दारं उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली. एक्केचाळीस. शेजारच्या जागेत कंपनीची स्वतःची गाडी आली, वायर लावून दहा मिनिटांत निघूनही गेली. तिच्या चालकाने यांच्याकडे पाहिलं नाही. अठ्ठेचाळीस. कुंदा गाडीत बसली आणि पडद्यावर दिसेल ते दाबू लागली.

"कुंदे, असं धडाधड दाबू नकोस. बिघडेल ते."

आवाज स्पीकरमधून आला. आवाज अण्णांचा होता.

"अण्णा?"

"पन्नास झाले. बास."

खटका पडला. बाहेर अण्णांचा तळवा सुटला. ते दोन्ही हात बाजूला लोंबकळत ठेवून उभे राहिले, कोणी पुढचं सांगेल म्हणून थांबल्यासारखे. कुंदाने त्यांना चपला घातल्या आणि दंडाला धरून आणलं. ते शेजारच्या सीटवर बसले, पण पट्टा लावण्याची सूचना वाजली नाही. तिथे कोणी बसल्याचं गाडीला कळलंच नव्हतं.

पाटणचा रस्ता लागला. कुंदाने एसी बंद केला, वेग चाळिशीवर आणला. मागून ट्रक हॉर्न देत होते.

"एकोणपन्नासावा टक्का जातोय," गाडी म्हणाली. "ऐकून घे, नंतर मला सांगता येणार नाही. बार्शीला पहिल्यांदा खांबावर चढलो तेव्हा वर घारीचं घरटं होतं. ते न हलवता तार जोडली. साहेब खालून ओरडत होता."

"ऐकलं," कुंदा म्हणाली.

आकडा अठ्ठेचाळीसवर आला. थोड्या वेळाने तिने मुद्दाम विचारलं, "घारीचं घरटं कुठे होतं, अण्णा?"

"कुठली घार?"

मग तिने पुन्हा विचारलं नाही. प्रत्येक टक्का जाण्याआधी गाडी सांगत राहिली आणि ती ऐकत राहिली. तिच्या आईने लग्नानंतर पहिल्यांदा केलेली कडू कारल्याची भाजी. कुंदाला गोवर आला तेव्हा खिडकीला टांगलेला लिंबाचा पाला. एका सहकाऱ्याला तारेला चिकटलेला पाहिला ती सकाळ. ते सांगताना गाडीचा वेग आपोआप कमी झाला. चढ आला की दोन-दोन गोष्टी एकदम जायच्या, आणि गाडी घाईघाईने, अर्धी अर्धी वाक्यं बोलायची. कुंदाचे हात स्टिअरिंगवर घामाने निसटत होते. तिने गाडी थांबवून पाहिली. थांबलं की आकडा थांबत होता. पण घड्याळ थांबत नव्हतं.

"शिवाचं सगळं खाली ठेवलंय मी," गाडी म्हणाली. "तळाशी. तिथवर जाऊ नकोस."

शेजारी अण्णा बोटाने काचेवर रेघा ओढत होते.

हेळवाक सोडून घाटमाथा ओलांडल्यावर उतार सुरू झाला. वळणावर ब्रेक दाबला आणि सोळाचे सतरा झाले.

"हे बघ," गाडी खुशीत म्हणाली, "एक परत आलं. मी लहान आहे. घारीच्या घरट्यात हात घातलाय."

"तसं नव्हतं, अण्णा."

"नव्हतं?"

पोफळी गाव गेलं. चिपळुणात शिरताना पडद्यावर बारा होते.

काकांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. अंगणात फणसाखाली त्यांची खाट आणून ठेवली होती. गाडी आत वळताच शिवरामकाका काकूच्या खांद्याला धरून उठले. अंगावर शाल, गालफडं बसलेली. कुंदाने अण्णांना उतरवलं आणि पुढे केलं.

"काका, अण्णा आलेत."

अण्णांनी हात जोडले. "नमस्कार. छान सावली आहे तुमच्याकडे."

काकांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग काकूच्या आधाराने ते त्यांच्या बाजूने पुढे गेले, गाडीजवळ थांबले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"दादा," ते म्हणाले, "किती तापलायस रे."

"शिवा," गाडी म्हणाली. "आत ये. बस."

"काका, नका बसू," कुंदा म्हणाली. "फार थोडं उरलंय."

"माझ्यात तरी कुठे फार आहे?" काका म्हणाले आणि चालकाच्या सीटवर बसले. दार लागलं. चारही काचा आपोआप वर गेल्या आणि कुलपं पडली. काकू दार ठोठावू लागली. कुंदाने किल्लीचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

काकांचे ओठ हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. मग ते थांबले आणि मान एका बाजूला कलती करून ऐकू लागले. गाडी जागची हलली नव्हती, तरी पडद्यावर अकरा झाले. मग दहा.

अण्णा कुंदाशेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी तिचा हात धरला. हात कागदासारखा हलका होता.

"आत दोघं कोण बसलेत?" त्यांनी विचारलं.

नऊ झाले. आकाश निरभ्र होतं, फणसाचं पानही हलत नव्हतं. कोरड्या काचेवर गाडीचे वायपर सुरू झाले.