पाचव्याची रेती

तिसऱ्यांदाही चेंडू बंकरच्या काठावर आपटला आणि घरंगळत पुन्हा स्वप्ना मॅडमच्या पायांशी येऊन थांबला.

"शी!" मॅडम म्हणाल्या आणि ओशाळून त्यांनी बाजूला पाहिलं. दाताळं हातात धरून मालन उभी होती.

शीळफाट्याजवळच्या या गोल्फच्या मैदानावर मालन अकरा वर्षं बंकर विंचरत होती. बंकर म्हणजे हिरवळीत मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा. पैसेवाल्यांनी आपल्याच वाटेत हौसेने खणून ठेवलेला! चेंडू त्यात पडला की तिथूनच मारायचा, आणि ते पुढे गेले की मालनने त्यांची पावलं, ओरखडे सगळं पुसून वाळू सारखी करायची. पाचव्या होलचा हा बंकर तिचा लाडका. चेंडू जिथे पोचवायचा ते भोक दाखवणारा झेंडा इथून खूप लांब, म्हणून भल्याभल्यांची इथे फजिती व्हायची. पुसता पुसता मालनला वाळू वाचता येऊ लागली होती. कोण घाबरला, कोण घाईत होता, कुणाचा फटका साधला, सगळं तिला कळायचं. आणि केव्हातरी तिच्या मनाने घेतलं की एकदा, फक्त एकदा, इथून आपणही चेंडू मारायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, भगवानला सांगितलं असतं तर तो हसून हसून आडवा पडला असता.

आणि आज शेवटचा दिवस होता. कालच सुपरवायझर मितेश म्हणाला होता, "मावशी, पाचव्याचा बंकर उद्यापुरता. सोमवारी बुजवणार. मेंबर लोकांची कम्प्लेंट आहे, फार हार्ड जातो म्हणे. तुम्ही आता क्लबहाऊसच्या कुंड्या बघायच्या."

नाचता येईना अंगण वाकडं, असं मालनच्या मनात आलं होतं. पण रात्री तिला जेवण गेलं नाही.

मॅडम आता चौथ्यांदा वाळूत पाय रोवू लागल्या. डोंबिवलीत त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि क्लबात त्या नवीन होत्या. मालनला राहवेना.

"बाय, पाय येवढं खुपसू नका."

"पण कोच तर म्हणाले, पाय घट्ट रोवायचे आणि आधी वाळू उडवायची."

"ता झेंड्याजवलच्या खड्ड्यान. तिथं बॉल हलूच उचलायचा असतो. हितून लांब जायचाय ना? मंग आधी बॉल, मागून रेती. काठी जरा खाली धरा. आन कंबर हलवू नका."

"मावशी, तुम्ही खेळता?"

"नाय गो बाय. मी पुसते."

मॅडमनी तसंच केलं. टक्‌कन आवाज झाला आणि चेंडू काठावरून उडून लांब, अगदी झेंड्याच्या दिशेने गेला. मॅडम लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या. मग त्यांनी खिशातून दुसरा चेंडू काढून वाळूवर ठेवला आणि काठी मालनपुढे धरली.

"घ्या. एक तुम्ही मारा."

मालनने चपला काठावर काढल्या, पदर खोचला, पाय हलकेच वाळूत ठेवले. काठी वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. चेंडू एवढासा, पांढरा, समोर. अकरा वर्षांत पाहिलेला प्रत्येक चांगला फटका तिला आठवला. तिने काठी मागे नेली.

"ओ मावशी!" मितेशची गाडी वर येऊन थांबली होती. "मेंबरच्या स्टिकला हात? रूल माहितीये ना?"

मालनने मॅडमकडे पाहिलं. त्यांचा एक शब्द पुरला असता.

"नाही, नाही," मॅडम गडबडून म्हणाल्या, "मी पाणी पीत होते. त्यांनी जरा धरली होती, एवढंच." आणि त्यांनी हात पुढे केला.

मालनने काठी पदराला पुसून परत दिली. तिला राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं.

"पुढच्या रविवारी हं, मावशी. नक्की," जाताना मॅडम हळूच म्हणाल्या. तो दुसरा चेंडू त्या तिथेच विसरल्या.

"हा, बाय," मालन म्हणाली. पुढच्या रविवारी इथे हिरवळ असेल, हे सांगून त्यांची सकाळ कशाला नासवायची?

मग ती बंकर विंचरू लागली. मॅडमच्या बुटांचे खोल ठसे पुसले, त्यांच्या तीन फसलेल्या फटक्यांचे ओरखडे पुसले. कडेकडेने येत ती मध्यावर पोहोचली. तिथे चेंडू होता आणि चेंडूसमोर दोन अनवाणी पावलं. उथळ, शेजारी शेजारी, हवी तशी.

"झालं का, मावशी?" मितेशने वरून विचारलं.

"झाला," मालन म्हणाली. आणि त्या दोन पावलांना वळसा घालून, मागची वाळू सारखी करत ती बाहेर आली.