उपड्या वाडग्यांखालचे गुण

मित्रांनो, माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि अंगावर चहाचे डाग आहेत. चौकटी आखलेला हा कागद कोणी जपून का ठेवला, असे तुम्हाला वाटेल. मी गुणतक्ता आहे, आणि चांगला म्हातारा झालो आहे.

बिश्केकमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझा जन्म झाला. तिथल्या ग्रंथपाल नुरझादा यांनी मला घडवले. त्याआधी एक वाईट गोष्ट घडली होती. हिमनदी मोजणाऱ्या एका प्राध्यापकांची आयुष्यभराची मोजमापे एकाच संगणकात होती. तो बंद पडला आणि सारे गेले. वितळलेला बर्फ पुन्हा कसा मोजणार? म्हणून विद्यापीठाने नियम केला. मोहिमेला निघण्याआधी संशोधकांनी एक आराखडा द्यायचा. नोंदी कुठे ठेवणार, कोण सांभाळणार, पुढे इतरांना कशा देणार, हे त्यात लिहायचे. तो आराखडा खरा की नुसताच गोड, हे ओळखणे माझे काम. माझ्या प्रत्येक ओळीत एक प्रश्न होता आणि पुढे शून्य ते तीन गुणांच्या चौकटी.

मी नीट काम करतो का, हे पाहणाऱ्या पहिल्या चाचणीला तीन परीक्षक बसले. पांढऱ्या दाढीचे सागिनबेक, ज्यांना सारे ‘आगाय’ म्हणजे गुरुजी म्हणत. गणित शिकवणाऱ्या चिनारा. आणि तरुण मेरीम. जी मोजमापे बुडाली, ती करणाऱ्या प्राध्यापकांचीच मेरीम ही विद्यार्थिनी. त्याच हिमनदीवर नवी मोहीम निघणार होती आणि त्या मोहिमेचाच आराखडा टेबलावर होता.

आगाय म्हणाले, “तीन.” चिनारा म्हणाल्या, “तीन.” मेरीमही म्हणाली, “तीन.” प्रत्येक ओळीला असेच! तिघांचे मत एक, म्हणजे तक्ता उत्तम. सगळ्यांनी माझे कौतुक केले आणि मी फुलून गेलो.

पण नुरझादांना मेरीमच्या कागदावर खोडलेला ‘एक’ दिसला.

“हे काय गं?”

“एजे, आगाय आधी बोलले ना,” मेरीम खालच्या आवाजात म्हणाली. नुरझादा वयाने मोठ्या, म्हणून ती त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणे. “घरी थोरांनी पाव मोडल्याशिवाय आपण हात तरी लावतो का? मग त्यांच्याहून वेगळे गुण कसे देऊ?”

दुसऱ्या दिवशी नुरझादांनी प्रत्येकापुढे चहाचा रिकामा वाडगा उपडा ठेवला. गुण चिठ्ठीवर लिहून त्याखाली सरकवायचे आणि वाडगे एकदमच उचलायचे.

“वाडगा उपडा म्हणजे चहा पुरे!” चिनारा हसल्या. “अहो, अजून घोटभरही मिळाला नाही आम्हाला!”

“आधी गुण, मग चहा.”

वाडगे उचलले. तीन, शून्य, एक! ‘आम्ही नोंदी सुरक्षित ठेवू’ या एकाच वाक्याला!

“सुरक्षित ठेवू म्हणतात, आणखी काय हवं?” आगाय म्हणाले.

“आमच्या सरांनीही हेच लिहिलं असतं, आगाय,” मेरीम म्हणाली.

आगायांनी आपली चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. आराखडे मंजूर करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना हे कळले, तेव्हा ते मात्र वैतागले. “पुढच्या आठवड्यात शेवटची चाचणी. तेव्हाही असंच झालं, तर हा कागद टोपलीत आणि आराखडा आहे तसा मंजूर!”

मित्रांनो, मी घाबरलो. मी गेलो असतो, तर नवी मोजमापेही जुन्यांच्याच वाटेने गेली असती.

मग नुरझादा आणि तिन्ही परीक्षकांनी मिळून मला पुन्हा लिहिले. किती खाडाखोड! प्रत्येक गुणाखाली आता साधे वाक्य आले. नुसते ‘सुरक्षित ठेवू’ म्हटले, तर एक. जागा सांगितली, तर दोन. दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती, आणि त्या कोण तपासणार त्याचे नाव, तर तीन. हे शेवटचे वाक्य आगायांनीच सुचवले. “कमी गुण म्हणजे शिक्षा वाटू दे हवं तर,” ते म्हणाले, “पण पुढच्या गुणाची वाट तर दिसली पाहिजे!”

शेवटच्या चाचणीला अध्यक्ष स्वतः आले. वाडगे उचलले. एक. एक. एक. पुढच्या ओळीला दोन, दोन, दोन. एका ओळीला फरक पडला. तिघा परीक्षकांनी माझ्यावर बोट ठेवून वाक्य वाचले आणि लगेच एकमत झाले. आगाय मांडीवर थाप मारून म्हणाले, “आयुष्यात ‘एक’ देताना एवढा आनंद कधी झाला नव्हता!” अध्यक्षांनी माझ्यावर शिक्का मारला.

मोहिमेच्या लोकांनी कुरकुरत आराखडा सुधारला आणि ते हिमनदीवर गेले. परतताना त्यांचा घोडा ओढ्यात घसरला आणि संगणकाची पेटी वाहून गेली. पण रोजची मोजमापे सॅटेलाइट फोनवरून बिश्केकला आणि दूरच्या नारिन शहराला पोचलेली होती. मेरीमने ग्रंथालयात पडद्यावर ती उघडली. एकही आकडा हरवला नव्हता! ती नुरझादांच्या गळ्यात पडली, आणि वाचनालयातली शांतता मोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, आज माझी कितवी तरी सुधारलेली आवृत्ती काम करते आहे, याचा मला अभिमान आहे. तुम्हीही कधी पाऊस मोजाल, पाखरे मोजाल. त्या नोंदी जपा. ‘जपू’ एवढेच म्हणू नका. कुठे आणि कोण, तेही ठरवा. आणि कोणाच्या कामाला गुण द्याल, तेव्हा पुढचा गुण कसा मिळेल, तेही त्याला सांगा.