जिंकलेल्या बाजूचं कोणी

शाळेच्या मंडळाने गेल्या बैठकीत चार विरुद्ध तीन मतांनी नर्सची जागा रद्द केली होती. पालकांत बसलेल्या एका आईच्या मुलीला केव्हाही फिट यायची, आणि पोरीला कुशीवर कसं वळवायचं, औषध कधी द्यायचं, हे अख्ख्या शाळेत त्या नर्सलाच ठाऊक होतं. म्हणून आज पालकांना मिळणाऱ्या तीन मिनिटांत तिने त्या चौघांची पार सालटी काढली. चष्म्याच्या दुकानवाल्या काकांना तर म्हणाली, "जगाला चष्मे विकता, स्वतःला कधी लावणार?" लोक खो खो हसले. काका हसले नाहीत.

मग मंडळावर असलेला तिचा भाऊ उठला. "त्या ठरावाचा फेरविचार व्हावा, असं मी मांडतो."

अध्यक्षबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. "तुम्ही हरलेल्या बाजूला होतात. फेरविचार जिंकलेल्या बाजूच्या सदस्यानेच मागायचा. तोही आजच. बैठक उठली की विषय संपला."

"अहो बाई, भाचीसाठी म्हणून तर मी विरोधात मत दिलं!"

"तिथेच चुकलात. हरणार हे दिसल्यावर मत तिकडे टाकायचं, म्हणजे आज मागता आलं असतं."

"हे तेव्हा सांगायचं ना!"

"अध्यक्षाने शिकवण्या घ्यायच्या नसतात."

चौघांपैकी एकाने तरी तोंड उघडायला हवं होतं, आणि चौघांनाही ती आत्ताच तोडून बसली होती.

"आणखी काही विषय?" बाईंनी विचारलं.

ती तरातरा टेबलापाशी गेली. "काका, मघाशी जीभ घसरली माझी. पाया पडते. नुसतं 'मांडतो' म्हणा."

"ताई, जागेवर बसा," शिपाई म्हणाला. ती हलली नाही.

काकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "मांडतो, पोरी. पण मत बदललेलं नाही हं माझं."

"मांडा हो तुम्ही!"

भावाने लगेच अनुमोदन दिलं. हात वर झाले. तीनच. बाईंनी पुन्हा एकदा मोजले, तिच्याकडे न बघता.

"तीन विरुद्ध चार. फेटाळला."

"बाई," ती म्हणाली, "वर्गाबाहेरच्या बाकावर आईने रोज बसायचं नाही, असा नियम आहे का?"

"रोज?"

"शाळा सुटेपर्यंत."

"अगं, आणि तुझी नोकरी?" भाऊ कुजबुजला.

बाईंनी पानं उलटली, पुन्हा उलटली. "तसा नियम नाही."

"मग करू नका," ती म्हणाली. "हात जोडते. निदान तेवढा तरी करू नका."