बेलढोण्यांची सदतीस घरं

अख्ख्या महाराष्ट्रात बेलढोणे आडनावाची घरं सदतीस. छातीठोकपणे सांगतो, कारण मोजली मीच. निवृत्तीनंतर लोक बागेत हसायला जातात. मी तीन वर्षं मतदारयाद्या चाळल्या, अकोल्यापासून सोलापूरपर्यंत फोन केले. मूळ एकच गाव निघालं. तिथल्या महादेवापुढची, बेलाखालची दगडी ढोण पाण्याने भरायचा मान ज्यांचा, ते बेलढोणे. म्हणजे सगळी एकच भावकी, असं मी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठणकावून लिहिलंही.

गुरुवारी सकाळी त्याच ग्रुपवर आलं, लोणी काळभोरचे रावसाहेब बेलढोणे वारले. आणि रविवारी माझ्या ऋतुजाचं लग्न!

“भावकी म्हणजे दहा दिवस सुतक,” माझी बायको शकू म्हणाली. “नवरदेवाची, सूरजची, रजा मंगळवारी संपते, मग तो वर्षभर जर्मनीत. बाहेरून सुतक शोधून आणणारे पुण्यात आपणच पहिले.”

“कोणाला कळणार आहे?”

“व्याह्यांना त्या ग्रुपवर कोणी घेतलं? कौतुक दाखवायला?”

मीच घेतलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं आहे. आता एकच वाट होती: शोध चुकला, आपलं नातं नाही, असं सांगून टाकायचं. ग्रुपवर लिहायला हात धजेना, म्हणून वारज्याहून लोणीला निघालो. हडपसरच्या गर्दीत ते एक वाक्य दहा वेळा बदललं. राग सगळा स्वतःचाच येत होता. रावसाहेबांना मी उभ्या जन्मात एकदा भेटलेलो, तेही अर्धा तास.

अंगणात माणसं ताटकळत होती. मला पाहताच रावसाहेबांच्या पत्नी, गोदाबाई, उठल्या.

“आलासा? तुमच्यासाठीच थांबवलंय. पोटी लेकरू नाय, गावात ह्या नावाचं दुसरं घर नाय. जन्मभर त्यांना एकच घोर, अग्नी कोन देनार? तुमचा फोन आला त्या दिसापास्नं निवांत झोपायचे बगा.”

शेजारच्या भैरूने अग्नीचं मडकं माझ्यापुढे धरलं. मला पळून जावंसं वाटलं. ऋतुजाचा चेहरा समोर आला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“सांगितलंत का?” शकूने विचारलं.

गोदाबाई माझ्याकडेच बघत होत्या.

“शकू, लग्न पुढे ढकल,” मी म्हणालो. “माझा भाऊ गेलाय.”