खुर्चीवरचा चेहरा

आरोहीनं मोबाईल पुढे धरला तेव्हा शहादेव जळालेल्या मोटारीची तार सोडवत बसला होता. चौसाळ्यात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. वय बहात्तर, नजर शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"आबा, आमच्या विद्यापीठात आदिनाथरावांचं स्मारक होतंय ना, त्याचा पुतळा आला. बघा तरी," नात म्हणाली.

त्यानं बघितलं आणि हातातली तार सुटली. विशीतला पोरगा, ताठ मान, डाव्या भुवईत व्रण. तो व्रण शहादेवला आठव्या वर्षी बैलाचं शिंग लागून झाला होता आणि आजही त्याच्या भुवईत होता. पुतळ्याखाली नाव मात्र आदिनाथरावांचं.

आदिनाथराव म्हणजे दोनदा केंद्रात मंत्री, पुढं पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष. गेल्या वर्षी वारले. आज जिथं विद्यापीठाचं आवार आहे, तिथं पूर्वी साधं कॉलेज होतं. साहेब तिथलेच पदवीधर. मग काय, सगळ्यांना एकदम उमाळा दाटून आला. साहेबांचा विद्यार्थीदशेतला पुतळा बसवायचं ठरलं. त्या वयाचा फोटो एकच मिळाला, कॉलेजातला ग्रुप फोटो. त्यात प्राचार्यांच्या उजव्या हाताला खुर्चीवर एक रुबाबदार पोरगा बसलेला. समितीनं ठरवून टाकलं की एवढा मोठा माणूस खुर्चीवरच असणार. मागच्या रांगेत टोकाला, अर्धा चेहरा कापला गेलेला कोण उभा आहे, हे बघायची एकालाही गरज वाटली नाही. साहेबांच्या चिरंजीवांनीसुद्धा "हो, हेच बापू" म्हणून मान डोलावली. बापाला बिनमिशीचं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

खुर्चीवर बसला होता शहादेव. तो तेव्हा विद्यार्थी संघाचा निवडून आलेला सचिव होता. फोटो निघाला आणि महिन्याभरात फीवाढीविरुद्ध संप झाला. संपात प्राचार्यांची जीप जळाली. ती आदिनाथनं पेटवली. शहादेवनं डोळ्यांनी बघितलं आणि दोस्तासाठी तोंड शिवून घेतलं. दोस्तानं मात्र स्वतःची कातडी वाचवायला शहादेवविरुद्ध लेखी जबाब दिला. परीक्षा तोंडावर असताना शहादेवचं नाव कॉलेजातून काढलं. वडील मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत. आष्टीकडचे पाहुणे अजून त्याला 'जीपवाला' म्हणतात. पन्नास वर्षं झाली, तो राग एका तसूनं कमी झाला नव्हता.

आरोहीनं मैत्रिणींना सांगितलं, "तो पुतळा माझ्या आजोबांचा आहे." तिसऱ्या दिवशी शहादेवला न्यायला दुकानापुढं विद्यापीठाची गाडी उभी.

विद्यापीठ आवाराचे संचालक तानाजी गर्जे यांनी आपल्या केबिनमध्ये चहा मागवला, बिस्किटं पुढं सरकवली आणि त्यापाठोपाठ एक टाईप केलेला कागद.

"शहादेवकाका, साहेबांचे वर्गमित्र म्हणून तुम्ही एकटेच उरलात. उगाच अफवा उठलीय. परवा अनावरण आहे, मांजरसुंब्याच्या चौकापर्यंत फलक लागलेत. एवढी सही करून टाका."

शहादेवनं वाचलं. 'छायाचित्रात प्राचार्यांच्या उजव्या हाताला खुर्चीवर बसलेले विद्यार्थी हे आदिनाथरावच होत, असे मी प्रमाणित करतो.'

"माजं तोंड त्याला देऊ व्हय?"

"काका, पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो. कोण ओळखतंय?"

"मी वळखतो की. रोज दाढी करतो मी ह्या तोंडाची."

गर्जे हसले नाहीत. "आरोहीचं शेवटचं वर्ष ना? हुशार पोरगी आहे. तिला कशाला त्रास?"

शहादेवची कानशिलं तापली. शिवी ओठांवर आली होती, ती त्यानं गिळली आणि टेबलावरचं पेन उचललं.

"पोरीला मधी कावून वढता? देतो की सही."

त्यानं ठसठशीत सही केली. गर्जेंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात शहादेवनं बंडीच्या खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला.

"आता ह्यो बी त्याला जोडा. माजं नाव काढलं तवा हुकमासोबत दिलेली नक्कल हाय. तुमच्या सायबांचा जबाब. सही बघा, त्यांचीच हाय."

दोस्ताचं नाव लिहायला आदिनाथचा हात धजला नव्हता. त्यानं नुसतं फोटोवर बोट ठेवलं होतं. गर्जे वाचू लागले. 'सोबतच्या छायाचित्रात प्राचार्यांच्या उजव्या हाताला खुर्चीवर जो विद्यार्थी बसला आहे, त्यानेच जीप पेटवली.'

गर्जेंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकदा हा वाचला, एकदा तो. चहावर साय धरली.

"खुर्चीवर तुमचे सायब, आसं मी आत्ताच लिवून दिलं," शहादेव म्हणाला. "मंग जीप कोणी जाळली, सर? आन् खुर्चीवर मी आसंल, तर तुमी पुतळा कोणाचा केला?"

"काका, तुम्हाला हवंय तरी काय?"

शहादेवनं दोन्ही कागद उचलून खिशात घातले. "माजं नाव काढल्याला हुकूम रद्द करा. आन् त्या तोंडाखाली त्याचं नाव हाय, ते खोडा. दोन्ही झाल्याबिगर पुतळा उघडला, तर ह्ये दोन कागद मी भर मांडवात वाचीन."

"हे माझ्या हातात नाही. वरून मंजुरी लागते."

"तवर झाकून ठिवा."

अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम पुढं ढकलल्याचं पेपरात आलं. शहादेव महिनाभर ती बातमी गिऱ्हाइकांना वाचून दाखवत होता आणि पोट धरून हसत होता. वरून ना मंजुरी आली, ना नकार.

मग एकदा आरोहीचं सामान पोचवायला तो आवारात गेला. चौथऱ्यावर निळी ताडपत्री होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून कुणीतरी तिला मानेपाशी दोरीचे तीन वेढे देऊन करकचून गाठ मारली होती. शहादेव जवळ गेला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

"आबा, चला ना," आरोही म्हणाली.

तो हलला नाही. त्याला हसू आलं नाही, शिवीही आली नाही. आत कोंडलेला तो पोरगा बावीस वर्षांचा होता, आणि त्यानं काहीच केलं नव्हतं.